घोडा आणि ट्रेलर: जोडणी-सोडणीचं काम पायरी-पायरीने

न्हावा शेव्याच्या बंदरातून, उरण-द्रोणागिरीच्या सीएफएसमधून (बंदराबाहेर कंटेनर ठेवण्या-हाताळण्याच्या आवारातून) किंवा चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून कंटेनर ओढणाऱ्या गाडीचे दोन भाग असतात. पुढे इंजिन आणि केबिनचा भाग, ज्याला लाइनीवर सगळे घोडा म्हणतात, आणि मागे ट्रेलर. ट्रेलरला पुढची चाकं नसतात. त्याचं पुढचं टोक घोड्याच्या पाठीवर टेकलेलं असतं. साधा दहा-बारा चाकी ट्रक वर्षानुवर्षं चालवलेल्या माणसालाही ही जोडणी आणि सोडणी वेगळी शिकावी लागते. गाडी माणूस चालतो त्यापेक्षा कमी वेगात सरकत असताना घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये माणूस चिरडू शकतो. आणि यार्डात अर्धवट राहिलेली जोडणी यार्डातच उघडी पडेल असं नाही; ती बोरघाटाच्या वळणावरही सुटू शकते.

पायऱ्या पाठ करण्याआधी दोन प्रश्न डोक्यात पक्के बसवा. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन या घडीला कोणी पेललं आहे, घोड्याने की ट्रेलरच्या पायांनी? आणि ट्रेलरची चाकं या घडीला कोणी धरली आहेत: स्प्रिंगने, टाकीतल्या हवेने, की चाकाखालच्या ठोकळ्याने? पुढची प्रत्येक पायरी याच दोन प्रश्नांमधून निघते. उत्तर माहीत नसेल तर गाडी हलवायची नाही आणि घोडा-ट्रेलरच्या मध्ये शिरायचं नाही.

आधी भाग ओळखून घ्या

घोड्याच्या पाठीवर जी मोठी, मागे खाच असलेली लोखंडी तबकडी दिसते ती फिफ्थ व्हील. ती पुढे-मागे झुकते. तिच्या खाचेच्या आत एक किंवा दोन जबडे असतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली जाड पत्रा असतो आणि त्यातून खाली आलेली पोलादी खुंटी म्हणजे किंगपिन. किंगपिन खाचेतून आत सरकली की जबडा तिच्या मानेभोवती बंद होतो आणि बाजूचा दांडा आपोआप आत जातो. दांड्याला एक सुरक्षा-कडी किंवा हूक असतो, तो हाताने लावायचा.

किंगपिन दोन मापांत मिळते: दोन इंची आणि साडेतीन इंची. आपल्या फिफ्थ व्हीलचं माप आणि ट्रेलरच्या किंगपिनचं माप एकच हवं. दुसऱ्या मालकाचा ट्रेलर पहिल्यांदा उचलताना हे विचारूनच घ्या. साडेतीन इंचाच्या जबड्यात दोन इंची पिन कधीच धरली जाणार नाही.

ट्रेलरच्या पुढच्या भागात दोन लोखंडी पाय असतात, लँडिंग लेग. हँडल फिरवून ते वर-खाली होतात. हँडल आत ढकलून किंवा बाहेर ओढून गिअर बदलतो: एक जड गिअर, ज्यात बरेच फेरे मारल्यावर पाय थोडासा सरकतो पण भार उचलता येतो, आणि एक हलका गिअर, ज्यात पाय मोकळा असताना भराभर वर-खाली होतो. भार असताना हलका गिअर टाकायचा नाही. हँडल मधल्या जागी, कुठल्याच गिअरमध्ये नसताना सोडायचं नाही. भाराखाली ते उलटं फिरून मनगटावर किंवा तोंडावर बसतं.

घोड्याकडून ट्रेलरकडे हवेचे दोन पाईप जातात. लाल पाईप ट्रेलरच्या टाकीत कायम हवा भरतो. पिवळा पाईप पायाखालचा ब्रेक दाबल्यावर ट्रेलरला तो संदेश देतो. तिसरी 24 व्होल्टची सात पिनांची दिव्यांची केबल, आणि एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या ट्रेलरला आणखी एक वेगळी केबल.

लाल पाईप काढला की काय होतं

नव्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो, म्हणून इथे जरा थांबू.

लाल पाईप काढला किंवा तुटला की ट्रेलरचा इमर्जन्सी ब्रेक लागतो. त्यामुळे सुटा उभा असलेला ट्रेलर ‘ब्रेकमध्ये’ आहे असं धरून चालण्याची सवय पडते. पण ज्या जुन्या ट्रेलरला स्प्रिंगचे ब्रेक चेंबर (चाकाजवळचे ब्रेक लावणारे गोल डबे, ज्यांच्या आत स्प्रिंग असते) नाहीत, तिथे हा ब्रेक ट्रेलरच्या स्वतःच्या टाकीतल्या हवेवर उभा असतो. कुठेतरी बारीक गळती असतेच. रात्रभरात, कधी काही तासांतच, टाकी रिकामी होते आणि ब्रेक सुटतो. ट्रेलर दिसायला तसाच उभा असतो, पण चाकं मोकळी झालेली असतात. सपाट जागेवर काही घडत नाही. जरा उतार असला किंवा घोड्याचा धक्का बसला की तो निघतो.

स्प्रिंग चेंबर असलेल्या ट्रेलरची गोष्ट उलटी आहे. तिथे हवा गेली की स्प्रिंग चाक धरते आणि हवा भरली की सोडते. बऱ्याच अशा ट्रेलरच्या बाजूला चेसिसवर दोन बटणं असतात: लाल बटण पार्किंग ब्रेकचं, आणि काळं बटण लाल पाईप जोडलेला नसताना यार्डात ट्रेलर हलवता यावा म्हणून ब्रेक मोकळा करण्याचं. बटण ओढल्यावर लागतं की ढकलल्यावर, हे बाजूच्या पट्टीवर छापलेलं असतं, ते वाचा. आधीच्या माणसाने काळं बटण वापरून ट्रेलर मोकळा करून ठेवला असण्याची शक्यता प्रत्येक वेळी धरा.

आणि आता खरा धोका. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लावलेला नाही, फक्त लाल पाईप नसल्याने तो उभा आहे, घोड्याचा हँडब्रेक ओढलेला नाही, आणि तुम्ही मध्ये उभे राहून लाल पाईप जोडता. हवा आत जाते, ट्रेलरचा ब्रेक सुटतो आणि पूर्ण गाडी चालायला लागते. केबिनमध्ये कोणी नसतं आणि तुम्ही मध्ये असता. पळत जाऊन केबिनमध्ये चढण्याच्या प्रयत्नात माणसं चाकाखाली जातात. म्हणून खाली उतरण्याआधी घोड्याचा हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद आणि चावी स्वतःच्या खिशात. क्लीनर कितीही जुना आणि विश्वासाचा असो, चावी तुमच्याच खिशात.

जोडण्याआधी पाहायच्या गोष्टी

ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारा. मागच्या ॲक्सलच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी किंवा रबरी ठोकळे लावा. दगड किंवा वीट लावू नका; भाराखाली वीट फुटते आणि गोल दगड निसटतो. ट्रेलरचं पार्किंग बटण असेल तर ते लावलेलं आहे हे पाहा. पायाखाली जमीन खचली आहे का, एखादा पाय वाकला आहे का, कंटेनरची चारही ट्विस्ट-लॉक (कोपऱ्यांवर त्याला ट्रेलरशी धरणारी फिरती कुलपं) बंद आहेत का, तेही याच फेरीत होऊन जातं.

मग फिफ्थ व्हील. जबडे पूर्ण उघडे हवेत, दांडा बाहेर हवा, तबकडी मागे झुकलेली हवी. तबकडीवर ग्रीस असलं पाहिजे, पण ते स्वच्छ हवं. बंदराच्या रस्त्यावरची धूळ आणि खारी हवा जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की ते कानशीसारखं काम करतं. वरचेवर नवं ग्रीस थापत राहण्यापेक्षा आधी पत्र्याच्या तुकड्याने जुनं खरवडून काढा, चिंधीने पुसा, मग तबकडीवर, खाचेत आणि जबड्याला नवं लावा. कोरडी तबकडी वळणावर ट्रेलरला मोकळं फिरू देत नाही आणि स्टिअरिंग जड लागतं. कोरडा जबडा अर्धवट बंद होतो.

उंची: इथे घाई करू नका

घोडा ट्रेलरच्या अगदी समोर, सरळ रेषेत आणा आणि टेकण्याआधी अर्धा-एक फूट थांबवा. हँडब्रेक, न्यूट्रल, चावी, आणि खाली उतरा. आता वाकून पाहा: ट्रेलरचा पुढचा पत्रा फिफ्थ व्हीलच्या तुलनेत कुठे आहे?

योग्य उंची म्हणजे ट्रेलरचा पत्रा तबकडीच्या वरच्या पातळीपेक्षा किंचित खाली, साधारण दोन ते पाच सेंटीमीटर. घोडा आत शिरताना मागे झुकलेली तबकडी पत्र्याला टेकते, सरळ होत जाते आणि ट्रेलरचं नाक थोडं वर उचललं जातं. हे उचललं जाणं महत्त्वाचं आहे. त्यामुळेच पत्रा तबकडीवर घट्ट बसतो आणि किंगपिन जबड्याच्या नेमक्या पातळीवर येते.

ट्रेलर फार खाली असेल तर तबकडी आत शिरण्याऐवजी घोड्याची चेसिस किंवा मडगार्ड ट्रेलरच्या नाकावर आदळतं, ट्रेलर मागे ढकलला जातो आणि पाय वाकतात. हे नुकसान निदान लगेच दिसतं. ट्रेलर फार वर असणं जास्त धोक्याचं आहे. तेव्हा किंगपिन खाली उतरतच नाही. तिचं टोक जबड्याच्या वरच्या कडेवर टेकून राहतं, किंवा पिन पूर्ण तबकडी ओलांडून पुढे जाते आणि ट्रेलरचं नाक केबिनच्या पाठीवर बसतं. पहिल्या प्रकारात जबडा बंद झाल्याचा आवाज येतो, दांडाही आत जातो, आणि तरी आत काहीच धरलेलं नसतं.

काल हाच ट्रेलर याच यार्डात सोडला होता, आज उंची कशाला पाहायची, असं वाटू शकतं. पण उंची बदलते. रिकाम्या घोड्याचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मोकळे असतात, म्हणून त्याची पाठ भार असतानापेक्षा उंच असते. तुमच्या आधी ज्याने ट्रेलर सोडला त्याचा घोडा वेगळ्या उंचीचा असेल. त्याने पायांना जास्तीचे फेरे मारले असतील. रात्रभर पावसात एक पाय खचला असेल. उंची जुळत नसेल तर पायांच्या जड गिअरने ट्रेलर वर-खाली करून घ्या. घामाचं काम आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

मागे घेताना

दोन्ही आरशांत ट्रेलरच्या कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. तिरपं घेऊन आत शिरलात तर किंगपिन खाचेच्या कडेला आदळते आणि ट्रेलर बाजूला ढकलला जाऊन पायांवर तिरका ताण येतो. उभ्या भारासाठी बनवलेला पाय हा आडवा ताण सहन करत नाही.

मागे इशारा देणारा एकच माणूस असावा, आणि तो घोडा-ट्रेलरच्या मध्ये नव्हे, बाजूला, तुम्हाला आरशात दिसेल असा उभा असावा. तो आरशातून दिसेनासा झाला की थांबायचं. पहिल्या गिअरच्या वेगाने, क्लच सांभाळत मागे जा. पत्रा तबकडीवर चढताना मागचा भाग थोडा दबलेला जाणवतो, मग ‘खट्’ असा जबड्याचा आवाज येतो. आपटून जोडणारे पुष्कळ पाहायला मिळतील. तसं केल्याने लॉक जास्त पक्कं बसत नाही, उलट धक्क्याने जबडा पुन्हा उघडू शकतो आणि पिन-जबडा दोन्ही लवकर झिजतात.

लाल पाईप अजून जोडलेला नाही, म्हणजे ट्रेलर ब्रेकमध्ये आहे, हे गृहीत धरून आपण हे करतो. पण ट्रेलर बरेच दिवस उभा असेल, स्प्रिंग चेंबर नसतील आणि टाकी रिकामी असेल, तर ठोकळ्यांशिवाय त्याला धरणारं काहीच नाही. अशा वेळी घोडा आत घालण्याआधीच थांबवून, हँडब्रेक ओढून, आधी पिवळा मग लाल पाईप जोडा, टाकी भरू द्या, आणि केबिनमधल्या ट्रेलर-ब्रेकच्या हातलिव्हरने ट्रेलर धरून मग मागे या. पाईप पुरेसे लांब असतील तरच हे करता येतं. लिव्हर नसेल तर ठोकळे दोन्ही बाजूंनी घट्ट हवेत आणि वेग आणखी कमी.

खेचून पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका

जबडा बसल्याचा आवाज आला की ट्रेलर ब्रेकमध्ये असतानाच पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ओढून पाहा. घोडा अडला पाहिजे. गिअर काढा, पुन्हा एकदा हलकेच ओढा. दोनदा ओढण्याचं कारण असं की पहिल्या ओढीत अर्धवट बसलेला जबडा कधीकधी तात्पुरता धरतो.

आता इंजिन बंद, हँडब्रेक, चावी खिशात, आणि टॉर्च घेऊन खाली. दिवसाही टॉर्च लागतेच, कारण तबकडीखाली कायम अंधार असतो. तीन गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या. पहिली, ट्रेलरचा पत्रा आणि तबकडी यांच्यामध्ये फट नको. बाजूने पाहिल्यावर मधून उजेड दिसला तर जोडणी चुकली आहे, मग खेचताना कितीही घट्ट वाटलेली असो. दुसरी, मागच्या खाचेतून टॉर्च टाकून पाहा: जबडा किंगपिनच्या मानेभोवती, म्हणजे तिच्या बारीक भागाभोवती बंद असला पाहिजे, खालच्या जाड टोकाभोवती किंवा टोकाखाली नव्हे. तिसरी, दांडा पूर्ण आत गेलेला असावा. तो दोन-तीन बोटं बाहेर राहिला असेल तर लॉक पूर्ण नाही. तिन्ही बरोबर असतील तरच सुरक्षा-हूक लावा. हूक लागतच नसेल तर ती लॉक अर्धवट असल्याचीच खूण आहे. हातोडीने ठोकून तो बसवू नका.

उंच बसलेली पिन खेचण्याच्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते, कारण पत्र्याचं वजन आणि घर्षण मिळून हलकी ओढ सहन करतात. पनवेलजवळच्या पळस्प्यापर्यंत सरळ रस्त्यावर काही जाणवणार नाही. खड्ड्यात किंवा चढावर नाक उचललं गेलं की ती सुटते. म्हणून टॉर्चने पाहिल्याशिवाय जोडणी झाली असं म्हणायचं नाही.

काही बरोबर नसेल तर ट्रेलरखाली शिरून हाताने जबडा हलवायचा नाही. दांडा ओढा, घोडा बाहेर काढा, उंची दुरुस्त करा, पुन्हा जोडा.

पाईप, केबल, पाय

आधी पिवळा, मग लाल. काढताना याच्या उलट: आधी लाल, मग पिवळा. कारण लाल जोडल्याक्षणी ट्रेलर मोकळा होऊ शकतो, आणि त्या क्षणी पायाखालचा ब्रेक ट्रेलरपर्यंत पोचत असला पाहिजे. जोडण्याआधी कपलिंगच्या तोंडातलं रबरी सील बोटाने चाचपा. तडकलेलं किंवा जागेवरून सरकलेलं सील हवा सोडतं. तोंडात साचलेली माती पुसून घ्या, नाहीतर ती सरळ व्हॉल्व्हमध्ये जाते. लाल-पिवळ्याची कपलिंग एकमेकांत बसू नयेत अशी बनवलेली असतात, पण दुरुस्तीत भलतंच कपलिंग लावलेला ट्रेलरही समोर येतो. म्हणून रंगाबरोबर पाईप कुठून कुठे गेला आहे तेही पाहा. पाईप उलटे लागले तर टाकी भरत नाही. स्प्रिंगवाल्या ट्रेलरचे ब्रेक सुटतच नाहीत, आणि स्प्रिंग नसलेला ट्रेलर ब्रेकविना तुमच्या मागे येतो.

केबल लावा, पाईप आणि केबल तबकडीवर लोंबत नाहीत, वळताना ताणले जाणार नाहीत हे पाहा. मग इंजिन सुरू करून हवा भरू द्या, गेज 7 ते 8 बारच्या आसपास स्थिरावू द्या. इंजिन बंद करून ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरा. अमेरिकेत चालकांना अशा जोडगाडीसाठी मिनिटाला 4 पीएसआय, म्हणजे पाव बारच्या थोडं वर, एवढीच घट चालेल असं शिकवतात. ती मर्यादा आपणही पाळावी. काटा त्यापेक्षा भराभर उतरत असेल तर फुसफुस कुठून येते ते शोधा. पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर पिवळ्या बाजूला पाहा.

पिवळा पाईप जोडायचा राहिला तर बाकी सगळं ठीक वाटतं. टाकी भरते, ट्रेलर सुटतो, गाडी चालते, आणि थांबवताना मात्र घोड्याचे ब्रेक एकट्याने पूर्ण भार थांबवू पाहतात. म्हणून क्लीनरला बाजूला, चाकांच्या रेषेबाहेर उभं करा, तुम्ही ब्रेक दाबा-सोडा, आणि ट्रेलरच्या प्रत्येक चेंबरचा दांडा बाहेर येऊन परत आत जातो का हे त्याने पाहावं. दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर याच वेळी तपासून होतात.

पाय शेवटी. जड गिअरमध्ये जमिनीवरून सोडवा, मग हलक्या गिअरमध्ये पूर्ण वर घ्या. अर्धे वर घेतलेले पाय गतिरोधकावर किंवा रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर अडकतात. हँडल दुमडून हुकात अडकवा. लोंबतं हँडल शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला लागू शकतं. ट्रेलरचं पार्किंग बटण सोडा, आणि ठोकळे सगळ्यात शेवटी काढून गाडीत ठेवा.

ट्रेलर सोडताना

जागा निवडणं हे निम्मं काम आहे. सपाट हवी, आणि पायाखालची जमीन टणक हवी. द्रोणागिरीकडची बरीच यार्डं भरावाच्या जमिनीवर आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये वरून कोरडी दिसणारी मातीसुद्धा आतून लोण्यासारखी असते. भरलेल्या ट्रेलरच्या पायांवर दहा-बारा टन सहज येतात, आणि ते दोन छोट्या पायपट्ट्यांवर. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेलं डांबरही दबतं. दोन्ही पायांखाली जाड लाकडी फळ्या किंवा लोखंडी प्लेट घाला. एकाच पायाखाली घालू नका.

घोडा आणि ट्रेलर एका रेषेत आणून थांबा. थांबताना शेवटी किंचित मागे दाब द्या आणि त्याच अवस्थेत हँडब्रेक ओढा. किंगपिन जबड्याला ओढून धरत असेल तर दांडा निघणार नाही. हा मागचा दाब तो ताण काढून टाकतो. ट्रेलरचं पार्किंग बटण लावा, चाकांना ठोकळे लावा.

पाय खाली सोडा. जमिनीला टेकले की रिकाम्या ट्रेलरसाठी तेवढं पुरे. भरलेल्या ट्रेलरला जड गिअरमध्ये आणखी थोडे फेरे द्या, म्हणजे थोडा भार घोड्यावरून पायांवर येतो आणि घोडा बाहेर काढताना ट्रेलर दणकन खाली बसत नाही. पण तबकडीवरून पत्रा सुटेपर्यंत उचलायचा नाही, नाहीतर पुढच्या माणसाला ट्रेलर फार उंच मिळतो आणि वर सांगितलेली पिन उंच बसण्याची चूक त्याच्या वाट्याला येते.

केबल काढा, मग लाल, मग पिवळा. पाईप घोड्याच्या पाठीवरच्या त्यांच्या जागी अडकवा. आता सुरक्षा-हूक काढून दांडा बाहेर ओढा. लांब हुकाची सळई वापरा, बाजूला उभे राहा, पाय चाकासमोर ठेवू नका. दांडा हलत नसेल तर लाथा मारत बसू नका. केबिनमध्ये जाऊन पुन्हा किंचित मागे दाब द्या, हँडब्रेक ओढा, मग उतरून ओढा.

आता पुढे जा, पण एका दमात नाही. तबकडी पत्र्याखालून सुटली की घोड्याची चेसिस अजून ट्रेलरच्या नाकाखाली असतानाच थांबा. उतरून पाहा. पाय खचला किंवा मोडला तर नाक चेसिसवर अडेल, जमिनीवर कोसळणार नाही. मिनिटभर पाय स्थिर दिसले की पूर्ण बाहेर निघा. आखातात किंवा युरोपात एअर सस्पेन्शनच्या घोड्यावर काम करणाऱ्यांनी या टप्प्यावर मागच्या पिशव्यांतली हवा कमी करून घोड्याची पाठ खाली घ्यावी, म्हणजे तो पत्र्याला न घासता बाहेर निघतो.

डबा ट्रेलरवर कुठे बसला आहे

40 फुटी ट्रेलरवर एकच 20 फुटी डबा, म्हणजे कंटेनर, असेल तर सोडण्याआधी तो कुठे आहे ते पाहा. मध्यभागी असेल तर ठीक. पूर्ण मागे असेल तर त्याचं वजन ॲक्सलवर आणि ॲक्सलच्या मागे जातं. घोडा निघताच ट्रेलरचं नाक हवेत उचललं जाऊन तो मागे बसू शकतो. पूर्ण पुढे असेल तर डब्याचा मध्य जवळपास पायांच्याच वर येतो. म्हणजे 24 टनांच्या डब्याचा बहुतेक सगळा भार त्या दोन पायांवर, आणि मध्य पायांच्या पुढे गेला तर नाक खाली. अशा दोन्ही अवस्थांत ट्रेलर सोडायचा नाही. दोन 20 फुटी डबे असताना एकच उतरवला जाणार असेल, तर तोपर्यंत घोडा जोडलेला राहू द्या.

कारखान्यात माल भरतानाही हाच हिशोब लागतो. तीन टन उचलणारं डिझेल फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांहून जड असतं. ते पॅलेट घेऊन कंटेनरच्या अगदी आत, पुढच्या टोकाला गेलं की पूर्ण वजन पायांच्या पुढे येतं. घोडा नसलेला ट्रेलर तिथे पुढे कोसळू शकतो, फोर्कलिफ्टवाल्यासकट. एकतर घोडा जोडलेला ठेवा, चावी काढून आणि ठोकळे लावून, किंवा ट्रेलरच्या नाकाखाली पुढच्या टोकाजवळ वेगळा भारक्षम स्टँड लावा. सुपरवायझर घाई करत असला तरी हे त्याला स्पष्ट सांगायचं, आणि स्टँड लागल्याशिवाय घोडा काढायचा नाही.

झीज कशी ओळखायची

ब्रेक मारताना आणि पुन्हा वेग घेताना पाठीमागे ‘धाड्’ असा धक्का बसत असेल तर जबडा आणि पिन यांच्यात खेळ वाढला आहे. फिफ्थ व्हीलला खेळ कमी करण्याची सोय असते, पण ते काम मेकॅनिकचं. तुम्ही फक्त कळवायचं. नव्या दोन इंची पिनची मान 50.8 मिलिमीटर असते आणि 49 मिलिमीटरपर्यंत झिजली की ती बदलावी लागते. साडेतीन इंचीसाठी हेच आकडे 89 आणि 86. व्हर्निअर कॅलिपरने पिनच्या सगळ्या बाजूंनी मोजायचं, कारण झीज एकाच बाजूला जास्त असते. पिन वाकलेली वाटली, तबकडीला तडा दिसला किंवा तिचे बोल्ट ढिले असले तर तो घोडा लाइनीवर काढू नका.

निघाल्यावर

गेटबाहेर पडून सात-आठ किलोमीटर झाले की पहिल्या सुरक्षित जागी थांबा. दांडा आणि हूक पुन्हा पाहा, पाय वर आहेत का पाहा, आणि ट्रेलरच्या प्रत्येक चाकाजवळ हाताचा पालथा पंजा न टेकवता धरा. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा फार तापलेला लागला तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. लाल पाईपची हवा, पार्किंग बटण आणि त्या चाकाचा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा खेळ जुळवणारा भाग) या क्रमाने तपासा. घाट लागण्याआधी हे करायचं. ट्रेलर दुसऱ्याच्या ताब्यात देताना पायांच्या, सीलच्या किंवा ब्रेकच्या ज्या तक्रारी दिसल्या त्या गाडी-नंबरसह लेखी द्या. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरलं जातं, आणि टाकीतली हवा किती टिकते हे पुढच्या चालकाला दुसरं कोणी सांगत नाही.